कॅल्क्युलेटरवरचा आलेख वहीशी जुळत नाही तेव्हा

वाचकाचे पत्र : मी सध्या बीजगणितातील फले (फंक्शन) आणि त्यांचे आलेख शिकत आहे. अलीकडेच मी ग्राफिंग कॅल्क्युलेटर वापरू लागले, पण मदत होण्याऐवजी गोंधळच वाढला आहे. य = क्ष² − ३०क्ष + २०० हे समीकरण भरले, तेव्हा अन्वस्त दिसण्याऐवजी पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक आखूड, जवळजवळ उभी रेघ दिसली. वहीत मी य = (क्ष + २)/(क्ष − ३) चा आलेख काढला, तो क्ष-अक्षाला −२ वर छेदतो; कॅल्क्युलेटरवरचा आलेख मात्र १ आणि २ च्या दरम्यान अक्षाला टेकलेला दिसतो. तिसरे उदाहरण क्ष² आणि २ चा क्ष-घात यांच्या छेदनबिंदूंचे होते. मला पडद्यावर दोन बिंदू दिसले, पुस्तकातील उत्तर तीन सांगते. माझी एक मैत्रीण म्हणते की हाताने आलेख काढण्याचा सराव आता सोडून द्यावा, कारण यंत्र ते काम अधिक अचूक करते. मी यंत्रावर विश्वास ठेवावा की वहीवर? – एक विद्यार्थिनी

उत्तर :

तुमचे पत्र वाचून आनंद झाला, कारण तुम्ही तीनही ठिकाणी नेमके काय भरले आणि नेमके काय दिसले ते लिहिले आहे. तेवढ्या माहितीवरून तीनही कारणे सांगता येतात आणि ती एकमेकांहून अगदी वेगळी आहेत. तुमच्या यंत्रात बिघाड नाही. पहिल्या उदाहरणात तुम्ही आलेखाच्या चुकीच्या भागाकडे पाहत होता, दुसऱ्यात यंत्राला वेगळेच फल दिले गेले होते आणि तिसऱ्यात आलेखाचा एक महत्त्वाचा भाग पडद्याच्या बाहेर राहिला होता. या तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे : कोणते फल आणि त्याच्या आलेखाचा कोणता भाग पाहायचा हे कॅल्क्युलेटर ठरवत नाही, ते आपण ठरवायचे असते आणि तो निर्णय ग्राफचे बटण दाबण्याच्या आधी, बीजगणिताच्या आधारे घ्यायचा असतो.

आधी यंत्र आलेख कसा काढते ते समजून घेऊ, कारण पुढचे बरेचसे त्यावर अवलंबून आहे. उदाहरण म्हणून टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीचे टीआय-८४ प्लस हे बरेच वापरले जाणारे मॉडेल घेऊ. त्याचा पडदा आडवा ९६ आणि उभा ६४ पिक्सेलांचा आहे. १९८५ साली आलेल्या कॅसिओच्या एफएक्स-७०००जी या पहिल्या ग्राफिंग कॅल्क्युलेटरचा पडदाही एवढाच होता. आलेखासाठी त्यातले ९५ उभे स्तंभ आणि ६३ आडव्या ओळी वापरल्या जातात. तुम्ही विंडोमध्ये, म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या भागाच्या सीमा जेथे भरतात तेथे, क्ष ची लहानात लहान आणि मोठ्यात मोठी किंमत दिली की यंत्र त्या अंतराचे ९४ समान भाग करते, प्रत्येक स्तंभासाठी क्ष ची एक किंमत घेते, तुमच्या सूत्रात ती घालून य काढते, त्या जागचा ठिपका उजळते आणि शेजारच्या दोन ठिपक्यांना सरळ जोडते. त्यापलीकडे त्याला तुमच्या फलाविषयी काहीही ठाऊक नसते. आलेख अन्वस्त आहे, त्याला शिरोबिंदू (वळणाचा बिंदू) आहे, तो कुठेतरी तुटतो, यातले काहीच त्याला माहीत नसते. नव्या रंगीत मॉडेलांत स्तंभ अधिक असतात, म्हणून रेषा गुळगुळीत दिसते, पण कामाची पद्धत हीच राहते.

आता पहिले उदाहरण. तुमच्या यंत्रावर विंडो बहुधा प्रमाण स्थितीत होती, म्हणजे दोन्ही अक्षांवर −१० ते १०. झूमच्या यादीतील झेड-स्टँडर्ड हा पर्याय हीच स्थिती आणतो. क्ष² − ३०क्ष + २०० चे अवयव पाडले तर (क्ष − १०)(क्ष − २०) मिळतात, म्हणून आलेख क्ष-अक्षाला १० आणि २० वर छेदतो. शिरोबिंदू या दोहोंच्या बरोबर मध्ये, क्ष = १५ वर आहे आणि तेथे य ची किंमत −२५ आहे. य-अक्षाला आलेख २०० वर छेदतो. म्हणजे ज्या ज्या बिंदूंमुळे हा आलेख ओळखता येतो, त्यांतला एकच, (१०, ०), तुमच्या पडद्यावर होता आणि तोही अगदी कडेला. य ची किंमत १० पेक्षा कमी होते ती क्ष सुमारे ९.०८ झाल्यावर, त्यामुळे ९.०८ ते १० एवढाच तुकडा पडद्यावर उरतो. पिक्सेलांत मोजला तर तो चार-पाच स्तंभांहून रुंद नाही. एवढ्या अरुंद तुकड्यात कोणताही वक्र सरळ रेघेसारखाच दिसणार. तुम्ही जे पाहिले ते चूक नव्हते, अपुरे होते.

अवयव, शिरोबिंदू आणि य-अक्षावरील छेद माहीत झाल्यावर विंडो ठरवणे हे दोन मिनिटांचेही काम नाही. क्ष साठी −५ ते ३५ घ्या, म्हणजे दोन्ही मुळे आत येतील आणि बाजूला थोडी मोकळी जागा राहील. य साठी −४० ते २५० घ्या, म्हणजे खाली शिरोबिंदू आणि वर २०० चा छेद दोन्ही दिसतील. अक्षांवरील खुणांचे अंतरही बदला, कारण य-अक्षावर एकेक अंतराने खुणा राहू दिल्या तर २९० खुणा ६३ ओळींत दाटीवाटीने बसतात आणि अक्ष जाड पट्ट्यासारखा दिसतो. क्ष साठी ५ आणि य साठी ५० हे अंतर येथे सोयीचे पडेल.

अवयव सहज पडत नसतील तेव्हा टेबलचा, म्हणजे क्ष च्या ठरावीक अंतरावरील किंमतींसमोर य दाखवणाऱ्या तक्त्याचा, आधार घ्यावा. अनेक विद्यार्थी हे बटण कधी दाबतच नाहीत याचे मला फार वाईट वाटते, कारण माझ्या मते आलेखाआधी पाहण्याची गोष्ट तीच आहे. टेबलची सुरुवात ० पासून आणि अंतर ५ ठेवा. तुमच्या समीकरणासाठी २००, ७५, ०, −२५, ०, ७५, २०० असा स्तंभ मिळेल. या सात संख्यांत सगळा आलेख आहे : किंमती उतरतात, −२५ ला पोहोचतात आणि उलट क्रमाने परत चढतात, म्हणून सममितीचा अक्ष क्ष = १५ आहे हे कोणतेही सूत्र न वापरता दिसते, आणि विंडोच्या सीमा काय असाव्यात तेही त्यातच वाचता येते.

येथे एक सावधगिरी सांगतो. झूम-फिट नावाचा पर्याय वापरला की काम आपोआप होते असे पुष्कळांना वाटते. हा पर्याय क्ष च्या सीमा आहेत तशाच ठेवतो आणि त्या सीमांत य ज्या किंमती घेतो त्यांना पुरेल एवढीच य ची सीमा बदलतो. तुमच्या उदाहरणात क्ष −१० ते १० असताना तो वापरला असता तर ६०० पासून ० पर्यंत सतत उतरत जाणारा एक सुबक वक्र दिसला असता आणि हे फल उतरतेच, चढत कधीच नाही, असा समज झाला असता. आखूड रेघ पाहून तुम्हाला निदान शंका तरी आली. तो सुबक वक्र पाहून तीही आली नसती.

दुसऱ्या उदाहरणाचे निदान तुम्ही दिलेल्या १ आणि २ या दोन संख्यांवरूनच होते. शाळेत सगळ्यांनी पाठ केलेले ‘कंचेभागुबेव’ कॅल्क्युलेटर अक्षरशः पाळतो. वहीत आपण अंश वर आणि छेद खाली लिहितो, मध्ये आडवी रेघ काढतो आणि ती रेघच कंसाचे काम करते. एका ओळीत टंकताना ती रेघ नाहीशी होते आणि तिच्याबरोबर कंसही जातात. तुम्ही बहुधा क्ष + २/क्ष − ३ असे भरले. यंत्राने आधी २ ला क्ष ने भागले, मग त्यात क्ष मिळवला आणि ३ वजा केले. हे फल सोपे करून लिहिले तर (क्ष² − ३क्ष + २)/क्ष, म्हणजेच (क्ष − १)(क्ष − २)/क्ष असे होते. त्याची शून्ये १ आणि २ आहेत. या दोन शून्यांच्या मध्ये आलेख अक्षाच्या खाली जातो, पण फार तर सुमारे ०.१७ एवढाच, प्रमाण विंडोत एका पिक्सेलची उंची सुमारे ०.३२ असते, त्यामुळे एवढी लहान खोली पडद्यावर दिसू शकत नाही आणि आलेख अक्षावर टेकून परत वर गेल्यासारखा वाटतो. तुमचे निरीक्षण बिनचूक होते, फक्त ते दुसऱ्याच फलाचे होते.

उपाय म्हणजे अंशाला एक आणि छेदाला एक असे दोन्ही कंस घालणे. काही नव्या मॉडेलांत अपूर्णांक वर-खाली लिहिण्याची सोय असते. ती असेल तर अवश्य वापरा. परंतु त्याहून महत्त्वाची सवय अशी की भरलेले सूत्र बरोबर आहे का, हे एका सोप्या किमतीने तपासून पाहावे. तुमच्या फलात क्ष = ० घातल्यास उत्तर −२/३ यायला हवे, आणि ते तोंडी काढता येते. टेबलमध्ये ० समोर −०.६६६७ दिसले तर सूत्र बहुधा नीट भरले गेले आहे. तुम्ही भरलेल्या सूत्रात ० समोर किंमत न येता त्रुटीची खूण आली असती, कारण तेथे शून्याने भागाकार होतो, आणि चूक आलेख काढण्याआधीच सापडली असती.

कंसांबरोबरच आणखी दोन जागा सांभाळाव्या लागतात. ऋण संख्येचे चिन्ह आणि वजाबाकीचे चिन्ह यांसाठी अनेक यंत्रांवर वेगळी बटणे असतात. सूत्राच्या सुरुवातीला ऋण चिन्हाच्या जागी वजाबाकीचे बटण दाबले तर वाक्यरचनेच्या चुकीचा संदेश येतो आणि विद्यार्थ्याला काय चुकले ते कळत नाही, कारण पडद्यावर दोन्ही चिन्हे जवळजवळ सारखीच दिसतात. दुसरी जागा गुणाकाराचे चिन्ह गाळण्याची आहे. १/२क्ष असे भरल्यास टीआय-८२ त्याचा अर्थ १ भागिले २क्ष असा घेत असे, तर टीआय-८३ त्याचा अर्थ अर्धा गुणिले क्ष असा घेतो. एकाच कंपनीच्या पाठोपाठच्या दोन मॉडेलांत हा फरक आहे, म्हणून आपल्या मनातला अर्थ कंसांनी स्पष्ट करणे हाच सुरक्षित मार्ग.

कंस घातल्यावर तुम्हाला कदाचित आणखी एक कोडे पडेल, म्हणून त्याचे उत्तर आधीच देऊन ठेवतो. (क्ष + २)/(क्ष − ३) च्या आलेखात जुन्या यंत्रांवर क्ष = ३ जवळ वरून खालपर्यंत एक उभी रेघ दिसते. पुष्कळ विद्यार्थी ती अनंतस्पर्शी रेषा (आलेख जिच्या अधिकाधिक जवळ जात राहतो ती रेषा) समजतात आणि यंत्राने ती मुद्दाम काढून दिली असे मानतात. प्रत्यक्षात प्रमाण विंडोत दोन स्तंभांमधील अंतर २०/९४, म्हणजे सुमारे ०.२१ असते, आणि क्ष = ३ नेमके कोणत्याच स्तंभावर पडत नाही. त्याच्या डावीकडचा स्तंभ सुमारे २.९८ वर आहे, तेथे य सुमारे −२३४ येतो. उजवीकडचा सुमारे ३.१९ वर आहे, तेथे य सुमारे २७ येतो. यंत्राने हे दोन बिंदू नेहमीप्रमाणे जोडले, एवढाच त्या रेघेचा अर्थ. ती आलेखाचा भाग नाही आणि अनंतस्पर्शी रेषाही नाही. आलेख जोडण्याऐवजी केवळ ठिपक्यांनी दाखवण्याची सेटिंग निवडली की ती नाहीशी होते. काही नव्या मॉडेलांत अशी ठिकाणे ओळखून न जोडण्याची सोयही आहे. वहीत मात्र क्ष = ३ आणि य = १ या दोन्ही अनंतस्पर्शी रेषा तुम्ही स्वतः तुटक रेघेने काढायच्या आहेत.

याच कारणामुळे (क्ष² − ४)/(क्ष − २) यासारख्या फलातले छिद्रही प्रमाण विंडोत दिसत नाही. हे फल क्ष = २ सोडून सर्वत्र क्ष + २ एवढेच आहे, म्हणून आलेख एक सरळ रेषा आणि तिच्यात (२, ४) वर एक छिद्र असा असायला हवा. प्रमाण विंडोत कोणताही स्तंभ नेमका २ वर पडत नसल्याने यंत्र अखंड रेषा काढते. झेड-डेसिमल निवडल्यास टीआय-८४ प्लसवर क्ष च्या सीमा −४.७ ते ४.७ होतात, प्रत्येक स्तंभ बरोबर ०.१ ने पुढे सरकतो, त्यात २ ही किंमत येते आणि तेथे एक ठिपका गाळलेला दिसतो; पण य ची सीमा फक्त ३.१ पर्यंत असल्यामुळे (२, ४) दिसण्यासाठी ती थोडी वाढवावी लागेल. हे उदाहरण स्वतः करून पाहा, कारण एकच फल दोन विंडोंत दोन प्रकारे दिसते याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो.

तिसऱ्या उदाहरणाने मला सर्वांत जास्त आनंद दिला, कारण त्यात यंत्राची मर्यादा आणि बीजगणिताची ताकद दोन्ही दिसतात. क्ष² आणि २ चा क्ष-घात हे दोन आलेख प्रमाण विंडोत काढले की एक छेदनबिंदू य-अक्षाच्या डावीकडे आणि दुसरा क्ष = २ वर दिसतो. तिसरा बिंदू (४, १६) आहे. य ची सीमा १० वर थांबत असल्याने तो पडद्याच्या वर, नजरेआड राहतो. क्ष साठी −२ ते ५ आणि य साठी −२ ते ३५ अशी विंडो घेतली की तिन्ही बिंदू आत येतात, तरी २ ते ४ या दरम्यान दोन्ही वक्र इतके जवळून जातात की ते चिकटल्यासारखे वाटतात. क्ष = ३ वर एकाची किंमत ९ आणि दुसऱ्याची ८ असते, हे टेबलमध्ये पाहिले की वक्र खरोखर वेगळे झाले आहेत अशी खात्री पटते.

छेदनबिंदू काढण्यासाठी कॅल्कच्या यादीतील इंटरसेक्ट हा पर्याय वापरा. तो दोन वक्र कोणते ते विचारतो आणि मग अंदाज मागतो. हा अंदाज विचारण्यामागे अर्थ आहे, कारण एका वेळी यंत्र एकच बिंदू शोधते आणि तो साधारणपणे तुम्ही दिलेल्या अंदाजाच्या जवळचा असतो. तीन बिंदू हवे असतील तर ही कृती तीन वेळा, तीन वेगळ्या अंदाजांनी करावी लागेल. डावीकडच्या बिंदूसाठी क्ष सुमारे −०.७६६७ मिळेल. उरलेल्या दोन ठिकाणी पडद्यावर २ आणि ४ दिसतील; ते नेमके आहेत हे ४ = ४ आणि १६ = १६ असे ताडून तुम्ही सिद्ध करू शकता, तर −०.७६६७ ही केवळ अंदाजे किंमत आहे आणि उत्तर लिहिताना तसे स्पष्ट लिहायला हवे.

मग चौथा बिंदू आणखी दूर कुठेतरी नसेल कशावरून? हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो विचारायला हवा, कारण विंडो कितीही वाढवली तरी तिच्या बाहेर काहीतरी उरतेच. त्याचे उत्तर विचारानेच मिळते. क्ष धन असेल तर दोन्ही बाजूंचे लॉगरिदम घ्या : एका बाजूला क्ष गुणिले लॉग २ येते, दुसऱ्या बाजूला २ गुणिले लॉग क्ष. पहिल्याचा आलेख सरळ रेषा आहे, दुसऱ्याचा आलेख सगळीकडे एकाच बाजूला वाकणारा वक्र आहे, आणि अशा वक्राला सरळ रेषा दोनाहून अधिक ठिकाणी छेदू शकत नाही. ते दोन बिंदू २ आणि ४ आहेत. क्ष ऋण असताना क्ष वाढेल तसा क्ष² कमी होत जातो आणि २ चा क्ष-घात वाढत जातो, म्हणून तेथे एकच छेद शक्य आहे. क्ष = ० वर एकाची किंमत ० आणि दुसऱ्याची १ आहे, त्यामुळे तेथे छेद नाही. एकूण तीन, आणि तीनच. पुस्तकातील उत्तर बरोबर आहे.

विश्वास कोणावर ठेवावा, हा तुमचा मूळ प्रश्न. त्यासाठी तीन समीकरणे एकामागून एक भरून पाहा : क्ष² − २क्ष + ०.९९, क्ष² − २क्ष + १ आणि क्ष² − २क्ष + १.०१. प्रमाण विंडोत तिन्हींचे आलेख डोळ्यांना सारखेच दिसतील आणि तिन्ही अक्षाला १ वर टेकलेले वाटतील. आता विवेचक (b² − 4ac) काढा. पहिल्याचा ०.०४ आहे, म्हणून त्याला ०.९ आणि १.१ अशी दोन वास्तव मुळे आहेत. दुसऱ्याचा ० आहे, म्हणून १ हे एकच, दोनदा येणारे मूळ आहे. तिसऱ्याचा −०.०४ आहे, म्हणून त्याला एकही वास्तव मूळ नाही. तो आलेख अक्षाला स्पर्श करत नाही. जे तीन प्रकार वर्गसमीकरणाच्या धड्यात आपण इतक्या काळजीने वेगळे करतो, ते तिन्ही या पडद्यावर एकच होऊन जातात, आणि विवेचक एका ओळीत ते वेगळे करून दाखवतो. क्ष ०.८ ते १.२ आणि य −०.०५ ते ०.०५ एवढी लहान विंडो घेतली तर पडदाही तो फरक दाखवू शकेल, पण एवढे जवळ जाऊन पाहायला हवे हे तुम्हाला आधी विवेचकानेच सांगितलेले असेल.

मधल्या समीकरणाचे मूळ झिरो या पर्यायाने शोधायला गेलात तर चिन्ह बदलत नसल्याचा संदेश मिळू शकतो. हा पर्याय डावी सीमा आणि उजवी सीमा मागतो आणि त्यांच्या दरम्यान आलेख अक्षाच्या एका बाजूकडून दुसरीकडे जाईल अशी अपेक्षा ठेवतो. अक्षाला टेकून परत फिरणारा आलेख ती अपेक्षा पूर्ण करत नाही. अशा वेळी मिनिमम हा पर्याय वापरावा. त्यात क्ष ची किंमत १ ऐवजी ०.९९९९९ अशी किंवा य ची किंमत ० ऐवजी १ई−१२ अशी काहीतरी आली तर घाबरू नका. दुसरी संख्या म्हणजे १ भागिले १० चा १२ वा घात. यंत्र टप्प्याटप्प्याने जवळ जात उत्तर शोधते आणि पुरेसे जवळ गेल्यावर थांबते, त्याचा हा अवशेष असतो. उत्तरपत्रिकेत तो जसाच्या तसा उतरवू नये.

तुमच्या मैत्रिणीच्या सल्ल्यातील एक भाग मला मान्य आहे. प्रत्येक आलेखासाठी वीस बिंदू काढून ते आलेख-कागदावर मांडत बसण्याची गरज आता नाही. ते काम यंत्राला द्यावे. परंतु अक्षांवरील छेद, शिरोबिंदू, अनंतस्पर्शी रेषा आणि दोन्ही टोकांना आलेख वर जातो की खाली, एवढे टिपून केलेले कच्चे रेखाटन सोडू नका. या रेखाटनाशिवाय विंडो निवडता येत नाही आणि पडद्यावर आलेले चित्र बरोबर की चूक हे ओळखण्याचे साधनही उरत नाही. तुम्हाला (क्ष + २)/(क्ष − ३) मधील गडबड कळली, ती तुम्ही वहीत −२ वरचा छेद आधी काढला होता म्हणूनच.

यंत्र खरोखर उपयोगी पडते ते एकाच जातीचे अनेक आलेख भराभर पाहून त्यांतला नियम शोधण्यासाठी. य = क्ष², य = (क्ष − ३)² आणि य = (क्ष + ३)² हे तिन्ही एकदम काढा. वजा ३ असताना आलेख उजवीकडे सरकतो आणि अधिक ३ असताना डावीकडे, याचे बहुतेकांना आश्चर्य वाटते. येथे थांबून कारण शोधा : वर्गाची लहानात लहान किंमत ० आहे, आणि कंसातील राशी ० होते ती पहिल्या वेळी क्ष = ३ असताना, दुसऱ्या वेळी क्ष = −३ असताना. मग पुढे २, १/२ आणि −१ हे सहगुणक लावून पाहा, शेवटी एखादी संख्या मिळवून पाहा. हाताने यातला प्रत्येक आलेख काढायला जेवढा वेळ लागला असता तेवढ्यात दहा आलेख पाहून होतात आणि नियम डोळ्यांसमोर उभा राहतो. संगणक किंवा फोन जवळ असेल तर डेस्मॉस आणि जिओजेब्रा या साधनांत सहगुणक सरकपट्टीने बदलता येतो आणि आलेख त्याबरोबर हलताना दिसतो. या एका कामासाठी मी ती साधने कॅल्क्युलेटरहून सरस मानतो.

काही किरकोळ अडचणी तुम्हाला पुढे येतील, त्यांची कारणे आताच कळलेली बरी. य = २क्ष आणि य = −क्ष/२ या रेषा परस्परांना लंब असूनही प्रमाण विंडोत तशा दिसत नाहीत, कारण पडदा उंचीपेक्षा रुंद आहे आणि दोन्ही अक्षांवर एकक सारख्या लांबीचे उरत नाही; झेड-स्क्वेअर निवडल्यास ते सारखे होते आणि वर्तुळही लंबवर्तुळासारखे दिसत नाही. आलेखाऐवजी मापांच्या विसंगतीचा संदेश आला, तर सांख्यिकीचा एखादा प्लॉट चुकून चालू राहिलेला असण्याची शक्यता असते. सूत्रे भरण्याच्या पानावर सर्वांत वरच्या ओळीत तो बंद करता येतो. विंडोच्या सीमांबाबत त्रुटी दाखवली, तर लहान किंमत मोठीच्या जागी भरली गेली आहे का ते पाहा.

परीक्षेत किंवा गृहपाठात कॅल्क्युलेटरवरून आलेख उतरवताना विंडोच्या चारही सीमा अक्षांवर लिहा, छेद आणि शिरोबिंदू निर्देशकांसह दाखवा आणि कोणत्या किंमती नेमक्या व कोणत्या अंदाजे हे नोंदवा. सीमा न लिहिलेल्या आलेखावरून, तुम्ही पाठवलेल्या त्या आखूड रेघेप्रमाणेच, वाचणाऱ्याला काहीच सांगता येत नाही.

शेवटी सरावासाठी एक फल देतो : य = क्ष³ − २५क्ष² + १००क्ष. प्रमाण विंडोत त्याच्या केवळ दोन जवळजवळ उभ्या रेघा दिसतात, एक ० जवळ आणि एक ५ जवळ. बटण दाबण्याआधी अवयव पाडा, ० पासून दोन-दोनच्या अंतराने टेबल पाहा, आलेख किती उंच चढतो आणि किती खोल उतरतो याचा अंदाज लिहून ठेवा आणि त्यावरून विंडो ठरवा. तुम्ही निवडलेल्या चार सीमा आणि त्या निवडण्याची कारणे मला पुढच्या पत्रात कळवा. आलेख कसा दिसला हे त्याच्या खाली लिहिलेत तरी चालेल.